प्रासंगिक करार

एसटीमध्ये 'प्रासंगिक करार' नावाची एक सोय आहे. लग्नाचं वऱ्हाड, शाळेची सहल, देवदर्शन अशा कारणासाठी आख्खी गाडी भाड्याने मिळते. ड्रायव्हर गाडीबरोबरच येतो. अनेकांनी शाळेच्या सहलीला गाडीच्या पुढच्या काचेवर ही पाटी पाहिली असेल. माझे वडील, अण्णा, बार्शी आगारात ड्रायव्हर होते, त्यामुळे हा शब्द मला वाचता येण्याआधीच कळला होता. "उद्या करार आहे" असं अण्णा म्हणाले, की आई पहाटे तीनला उठून भाकरी थापायची आणि अण्णा परत कधी येणार हे कोणी कोणाला विचारायचं नाही.

म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात म्युनिकच्या ऑफिसमधल्या मित्राने 'यॉट चार्टर'चा मसुदा पाठवला, तेव्हा पहिल्यांदा हाच शब्द आठवला. शनिवार ते शनिवार, सात दिवस, सेहेचाळीस फुटी शिडाची बोट, चार केबिन, क्रोएशियातलं स्प्लिट शहर ते आजूबाजूची बेटं. आमच्यात कोणाकडे बोट चालवायचा परवाना नव्हता, म्हणून कप्तानही भाड्याने. त्याचे दिवसाला दोनशे युरो. डिझेल वेगळं, धक्क्यावर बोट लावायचे पैसे वेगळे, अनामत वेगळी. आणि खाली बारीक अक्षरात एक कलम: कप्तानाच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय पाहुण्यांनी करावी.

आम्ही आठ जण होतो. हिशोब केला तर माणशी आठशे युरो. ते आठ जणांत विभागलेले असल्यामुळे ऑफिसात सगळ्यांना स्वस्त वाटले, मलाही. मग रात्री मी त्याचे रुपये केले. सत्तर हजारांच्या वर. अण्णांची पेन्शन महिन्याला तीन हजारांच्या आसपास आहे. म्हणजे जवळजवळ दोन वर्षांची पेन्शन सात दिवसांत.

मी अण्णांना फोनवर सांगितलं, ऑफिसची ट्रिप आहे, कंपनी खर्च करते.

"बरं आहे," अण्णा म्हणाले. "किती किलोमीटर?"

*

म्युनिक ते स्प्लिट रस्त्याने आठ-नऊशे किलोमीटर. क्रोएशिया २०२३ च्या पहिल्या तारखेपासून शेंगेनमध्ये आला होता आणि त्याच दिवशी तिथे युरोही सुरू झाला होता, त्यामुळे माझ्या भारतीय पासपोर्टवर सीमेवर जी ताटकळत बसायची वेळ यायची, ती आली नाही. पहाटे निघून संध्याकाळी आम्ही समुद्र पाहिला. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सातवीत, शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला. तीही प्रासंगिक कराराचीच गाडी होती.

कप्तान साठीच्या पुढचा होता. रापलेला, बारीक, गुडघ्यावर जुन्या जखमेचा व्रण. कोमिझा नावाच्या गावचा, जे आमच्या वाटेवरच्या विस बेटावर होतं. तरुणपणी युगोस्लाव्हियाच्या मालवाहू बोटींवर होता. मी भारतातला म्हटल्यावर म्हणाला, "बॉम्बे! बंदराबाहेर नांगर टाकून आम्ही तीन आठवडे थांबलो होतो." एवढंच त्याला मुंबईबद्दल सांगायचं होतं.

त्याने आम्हाला बसवून नियम सांगितले. पाणी पाचसहाशे लिटर आहे, नऊ माणसांत पुरवायचं. संडासात कागद टाकायचा नाही. डेकवर चालताना एक हात बोटीला, एक हात स्वतःला. मग त्याने जिन्याच्या फळ्या काढून मागचं इंजिन उघडलं, तेल पाहिलं, पट्टा बोटाने दाबून पाहिला, इंजिन सुरू केलं आणि बोटीच्या मागे वाकून बराच वेळ बघत राहिला. धुराबरोबर पाणी बाहेर फेकलं जातंय का, हे तो बघत होता. या इंजिनाला रेडिएटरला हवा लागत नाही. समुद्राचं पाणी आत ओढून त्याने इंजिन थंड करतात आणि तेच पाणी मागून बाहेर टाकतात. पाणी आलं नाही, तर काही मिनिटांत इंजिन तापणार. सातही दिवस त्याने हे न चुकता केलं. अण्णा गाडी काढायच्या आधी दांडीने सगळी चाकं ठोकून आवाज ऐकायचे, तसं.

मी त्याचा व्हिडिओ काढून अण्णांना पाठवला. उत्तर आलं, "खाऱ्या पाण्याने गंज धरत नाही का?" मी कप्तानाला विचारलं. तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "धरतो. आतलं गोडं पाणी इंजिनात फिरतं आणि खारं पाणी फक्त त्या गोड्या पाण्याला थंड करतं. हे कोणी विचारलं?"

"माझ्या वडिलांनी. ते बस चालवायचे."

त्याने मान हलवली आणि झाकण लावलं.

*

शिडाची बोट किती हळू जाते, याची मला कल्पना नव्हती. ताशी सहा नॉट म्हणजे अकरा किलोमीटर. बार्शीत दूधवाल्याची सायकल याहून जोरात जाते. पण दुपारी बाराच्या सुमाराला वायव्येकडून वारा सुरू झाला, कप्तानाने इंजिन बंद केलं, आणि मग जी शांतता आली ती मला आजही आठवते. शिडाला वारा भरलेला, बोट एका अंगावर कललेली आणि कडेने पाणी कापल्याचा आवाज. या वाऱ्याला तिथे 'माएस्त्राल' म्हणतात. उन्हाळ्यात दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून वारा येतो; संध्याकाळी पडतो. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे यांची बाणवाली आकृती मी परीक्षेसाठी दहा वेळा काढली होती. ती आकृती आता आमची बोट ओढत होती.

बाकीचे दोन वारे कप्तानाने बोटांवर सांगितले. ईशान्येकडून डोंगर उतरून कोसळणारा कोरडा, थंड 'बुरा', आणि आग्नेयेकडून पाऊस आणि मोठ्या लाटा आणणारा 'युगो'. आणि चौथी 'नेवेरा'. हा वारा नव्हे, अचानक येणारं वादळ. तासाभरात येतं आणि जातं. "तिचं काही सांगता येत नाही," तो म्हणाला.

पहिला मुक्काम ब्राच बेटावरच्या मिल्ना गावी होता. याच ब्राचचा पांढरा दगड नेऊन रोमन सम्राट डायोक्लिशनने स्प्लिटला आपला राजवाडा बांधला. इसवी सन ३०५ मध्ये तो सम्राटपद सोडून, चक्क निवृत्त होऊन, तिथे राहायला गेला. परत गादीवर बसा म्हणून विनवायला आलेल्यांना त्याने स्वतः लावलेला कोबी दाखवला, अशी गोष्ट सांगतात. त्या राजवाड्याच्या भिंतींत आजही लोक राहतात.

भूमध्य समुद्राच्या या भागात भरती-ओहोटी नावालाच असते, फूट-दीड फूट. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, तसं इथे होत नाही. त्यामुळे बोट पाठमोरी आणून थेट गावाच्या धक्क्याला लावता येते आणि फळी टाकून माणूस सरळ हॉटेलच्या टेबलापर्यंत चालत जातो. बोट मागे घेताना मागच्या बाजूला उभं राहून अंतर सांगायचं काम माझ्याकडे आलं. तीन मीटर, दोन मीटर. गाडी रिव्हर्स घेताना कंडक्टर मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करतो, ते मी लहानपणी इतक्या वेळा पाहिलं होतं की माझा हात आपोआप तसाच हलायला लागला. कप्तानाला तो हात लगेच कळला.

धक्क्याला लागल्यावर आम्ही अंघोळी करून जेवायला निघालो. कोणीतरी कप्तानाला म्हणालं, "येतोस का?" तो म्हणाला, "तुम्ही जा, मला बोटीवर काम आहे." आम्ही गेलो.

*

दुसऱ्या दिवशी चारेक तासांनी विस बेट आलं. हे बेट किनाऱ्यापासून लांब आहे आणि त्यामुळेच त्याच्या वाट्याला सारखी सैन्यं आली. ग्रीकांनी इथे 'इसा' नावाचं शहर वसवलं. नेपोलियनच्या युद्धांत, मार्च १८११ मध्ये, विल्यम होस्ट या ब्रिटिश कप्तानाने जवळच्या समुद्रात आपल्याहून मोठ्या फ्रेंच-व्हेनिशियन ताफ्याला हरवलं, आणि मग बेटावर थांबलेल्या ब्रिटिशांनी तिथे क्रिकेट खेळलं. आज त्या बेटावर होस्टच्या नावाचा क्रिकेट क्लब आहे. १९४४ मध्ये मार्शल टिटोने इथल्या डोंगरातल्या गुहेतून युद्ध चालवलं. टिटो आपल्याला माहीत असतो तो इतिहासाच्या पुस्तकातल्या अलिप्ततावादाच्या धड्यातून, नेहरू आणि नासर यांच्याबरोबर. पुढे युगोस्लाव्ह लष्कराने विसला तळ केला आणि १९८९ पर्यंत परदेशी माणसाला बेटावर पाऊल ठेवता येत नव्हतं. किनाऱ्याच्या खडकात पाणबुडी लपवायला खोदलेला बोगदा अजून आहे. आमच्या बोटीने त्यात नाक घालून पाहिलं, सगळ्यांनी ओरडून प्रतिध्वनी ऐकला आणि फोटो काढले. कप्तान म्हणाला, "मी लहान होतो तेव्हा इकडे बघायलासुद्धा बंदी होती."

लष्कराचा तळ असल्यामुळे तिथे मोठी हॉटेलं झाली नाहीत. आता तेच बेटाचं भांडवल आहे. 'न बिघडलेलं बेट' म्हणून ते विकलं जातं आणि आम्ही ते विकत घेतलं होतं.

त्या रात्रीही कप्तान म्हणाला, "तुम्ही जा." आम्ही द्राक्षाच्या मांडवाखाली तीन तास जेवलो. शेवटी तीन पिझ्झ्यांचे तुकडे उरले, ते एका खोक्यात भरून घेतले. "कप्तानाला होतील," कोणीतरी म्हणालं. कोणी म्हणालं ते मला आठवत नाही असं लिहिणार होतो. मीच म्हणालो होतो.

बोटीवर आलो तर तो खालच्या बैठकीतल्या बाकावर झोपला होता. चारही केबिन आम्ही आठ जणांनी भरल्या होत्या, माणशी खर्च कमी यावा म्हणून. स्वयंपाकाचा ओटा, टेबल आणि बाक एकाच जागी. आम्ही पाणी प्यायला उठलो तरी त्याच्या डोक्याशी दिवा लागायचा. तो जागा होता. खोका घेतला, 'थँक यू' म्हणाला आणि फ्रिजमध्ये ठेवला. दोन दिवसांनी मी तो तसाच टाकून दिला.

*

तिसऱ्या दिवशी कोमिझा, त्याचं गाव. उंच डोंगराच्या पायथ्याशी अर्धगोल बंदर, दगडी घरं. कोमिझाचे कोळी पूर्वी चाळीसेक सागरी मैलांवरच्या पालाग्रुझा नावाच्या खडकाळ बेटापर्यंत वल्ही मारत जायचे, सार्डिन पकडायला. त्यासाठी त्यांनी 'फालकुशा' नावाची खास बोट बनवली होती. गावात सार्डिन डब्यांत भरायचे कारखाने होते. ते बंद पडले. त्याच्या आधीपासूनच माणसं बाहेर जायला लागली होती. कॅलिफोर्नियातल्या सॅन पेद्रो बंदरात कोमिझातून गेलेल्यांनी मासेमारी उभी केली. कप्तानाचे दोन काका तिथेच वारले. दरवर्षी ६ डिसेंबरला, दर्यावर्द्यांचा संत निकोलस याच्या दिवशी, गावातली एक जुनी लाकडी बोट चर्चसमोर जाळतात. बोटीने आयुष्यभर काम केलं, तिला भंगारात टाकायचं नाही, अशी त्यामागची भावना त्याने मला सांगितली.

धक्क्याला लागलो तेव्हा एक बाई पिशवी घेऊन उभी होती. त्याची बायको. त्या दोघांत दोन-तीन वाक्यं झाली, तिने पिशवी दिली आणि ती गेली. पिशवीत कापडात गुंडाळलेली पोगाचा होती. कांदा, टोमॅटो आणि खारवलेले मासे भरलेला जाड रोटीसारखा पदार्थ. शिवाय पाव, चीज आणि उकडलेली अंडी. पुढच्या चार दिवसांचा डबा. त्याने पोगाचा बाहेर टेबलावर ठेवली, सुरीने तिचे नऊ तुकडे केले आणि आम्हाला म्हणाला, "खा. ही फक्त इथेच मिळते."

आम्ही खाल्ली. फार चांगली होती. त्याच्या चार दिवसांच्या डब्यातला मोठा भाग आम्ही दहा मिनिटांत संपवला.

संध्याकाळी धक्क्यावर बसून मी अण्णांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा झाले होते. बोट, वारा, इंजिन असं सगळं सांगून झालं. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले,

"आणि ड्रायव्हर जेवतो कुठं?"

"त्याचं तो करतो, अण्णा. त्याला काम असतं बोटीवर."

"असं तो म्हणाला?"

"हो."

"म्हणतेतच तसं," अण्णा म्हणाले. "मीबी म्हणायचो."

पुढे काही बोलले नाहीत. आईकडे फोन दिला.

*

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. उन्हाळ्याच्या सुटीत अण्णांनी मला एका वऱ्हाडाच्या गाडीत बरोबर नेलं होतं, केबिनमध्ये इंजिनाच्या बॉनेटवर पोतं टाकून बसवून. गाव लांबचं होतं. वऱ्हाड उतरलं, वाजंत्री लागली, गाडी चिंचेखाली लावली. अण्णा म्हणाले, थांब, बोलवायला येतील. आम्ही थांबलो. अक्षता पडल्याचा आवाज आला, मग पंगती बसल्याचा. पहिली उठली, दुसरी बसली. मी दोनदा विचारलं. चार वाजता एक माणूस वर्तमानपत्रात बुंदी आणि मसालेभात घेऊन आला आणि खिडकीतून आत देत म्हणाला, "ड्रायव्हर, घ्या, राहूनच गेलं बघा." अण्णा म्हणाले, "आमचं झालंय, डबा होता." खरं म्हणजे डब्यातली एक भाकरी त्यांनी मला बाराला दिली होती आणि दुसरी मी दोनला खाल्ली होती. त्यांनी बुंदी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. मला तेव्हा एवढंच वाटलं होतं की बुंदी छान आहे.

रात्री परतताना सगळी गाडी झोपली. मीही. बार्शी आल्यावर अण्णांनी उचलून घेतल्याचं अर्धवट आठवतं.

कोमिझाच्या धक्क्यावर बसून मला हे आठवलं असं म्हणणं खरं नाही. हे मला कायमच आठवत होतं. फक्त त्या आठवणीत मी नेहमी खिडकीच्या आत होतो.

*

चौथ्या दिवशी सकाळी बिशेवो बेटावरची निळी गुहा. पाण्याखालच्या एका भोकातून ऊन आत शिरतं, तळाच्या पांढऱ्या भागावर आपटतं आणि सगळी गुहा आतून उजळते. पाण्यात हात घातला तर तो चांदीचा दिसतो. पूर्वी आत जायला बुडी मारावी लागायची, १८८४ मध्ये सुरुंगाने दार केलं. आता लहान बोटींची रांग असते. दीड तास थांबून आम्ही काही मिनिटं आत होतो. तो रंग मात्र फोटोत आला नाही, आणि ते बरंच झालं.

त्या रात्री पाक्लेनी बेटांजवळ बोट बांधली. या नावावरून तिकडचे लोकसुद्धा नरक समजतात, पण ते पाइनच्या राळेवरून आलं आहे. ही राळ बोटींना लावायचे. मी जाहीर केलं की आज बाहेर जायचं नाही, स्वयंपाक मी करणार. म्युनिकहून आणलेली तूरडाळ, हिंग आणि गोडा मसाला माझ्याकडे होता. वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. कप्तानाला टेबलाच्या मधोमध बसवलं. माझ्या मनात हा समारंभ होता. त्याने वरण-भात खाल्ला, चांगला आहे म्हणाला, दहा मिनिटं आमच्या गप्पा ऐकल्या आणि त्याचे डोळे मिटायला लागले. पण झोपायची जागा म्हणजे तोच बाक आणि त्या बाकावर आम्ही बसलेलो. साडेअकरापर्यंत आम्ही उठलो नाही. तो बाहेर सुकाणूजवळ जाऊन बसला.

नंतर मी त्याला म्हणालो, "आजपासून तू माझ्या केबिनमध्ये झोप. मी बाकावर झोपतो."

"नको," तो म्हणाला. "केबिनमध्ये मला साखळी ऐकू येत नाही."

*

पाचव्या दिवशी ह्वार बेटावरचं स्तारी ग्राद. इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी इथल्या मैदानाची सारख्या मापाच्या आयतांत वाटणी केली. चोवीसशे वर्षं झाली, दगडी बांध अजून त्याच रेषांवर आहेत आणि आत द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात. २००८ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतलं. बांध एक हातभर सरकला म्हणून कोर्टात वीस वर्षं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. मला ते मैदान राजवाड्याहून मोठं वाटलं.

रात्री जवळच्या एका खाडीत नांगर टाकला. आठ मीटर पाणी, चाळीस मीटर साखळी. नांगर टाकताना कप्तान तळ बघत होता. काळपट दिसतं ते समुद्रगवत, तिथे नांगर नीट रुतत नाही आणि ते उपटायचंही नसतं. फिकट दिसते ती वाळू. मी पुढे साखळीच्या यंत्रापाशी होतो. साखळी कोणत्या दिशेला ताणली आहे ते हाताने दाखवायचं, एवढं त्याने शिकवलं होतं.

रात्री अडीचच्या सुमाराला मला जाग आली ती इंजिनाने. वर आलो तर तो सुकाणूशी उभा होता, रेनकोट घालून. नेवेरा. आधी वीज चमकली आणि त्या उजेडात मला दिसलं की संध्याकाळी लांब असलेले किनाऱ्याचे खडक आता जवळ आले आहेत. नांगर सुटून बोट मागे सरकत होती. मोबाइलवर लावलेला नांगराचा अलार्म तेव्हा वाजायला लागला. वाऱ्याच्या काट्यावर ३८ नॉट होतं, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर.

"जॅकेट घाल. पट्टा अडकव. पुढे जा," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता.

मला विहिरीत पोहता येतं. हे ते पाणी नव्हतं. मी गुडघ्यांवर रांगत पुढे गेलो. पाऊस आडवा येत होता. हाताने दिशा दाखवायची, तो त्या दिशेला बोट पुढे न्यायचा, साखळी सैल व्हायची, मी बटण दाबून ती वर घ्यायचो. मग दुसरीकडे ताण, परत हात. त्याला माझा फक्त हात दिसत होता, तोही वीज चमकली की. नांगर वर आला तेव्हा त्यात गवताचा मोठा गठ्ठा अडकला होता. खाडीच्या मध्यावर जाऊन परत टाकला. धरला नाही. पुन्हा वर घेतला, पुन्हा टाकला, या वेळी साठ मीटर साखळी सोडून. तो बोट हळूहळू मागे खेचत राहिला आणि साखळी ताठ होऊन थरथरायची थांबली. "धरला," तो म्हणाला.

सगळं मिळून चाळीस मिनिटं असतील. मी थरथरत होतो. त्याने चहा केला.

"तू कधी उठलास?" मी विचारलं.

"झोपलो नव्हतो. बारापासून इटलीच्या बाजूला विजा दिसत होत्या."

ऑफिसात माझीही पाळी असते, रात्री सर्व्हर पडला तर फोन वाजतो आणि उठावं लागतं. त्याचे मला वेगळे पैसे मिळतात आणि दुसऱ्या दिवशी उशिरा गेलं तर चालतं. मी हे त्याला सांगितलं नाही. विचारलं, "आता झोपतोस?" त्याने आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाचला झोपेन."

सकाळी नऊला बाकीचे एकेक करून वर आले. स्वच्छ ऊन पडलं होतं. एकजण आळस देत म्हणाला, "रात्री पाऊस झाला का?"

*

शुक्रवारी संध्याकाळी परत. डिझेलच्या पंपावर बोटींची रांग, मग धक्का. शनिवारी नऊला बोट रिकामी करायची होती. कंपनीचा माणूस येऊन तळ, शिडं, भांडी तपासून गेला. आम्ही पाकिटात घालून कप्तानाला टीप दिली. त्याने न मोजता खिशात ठेवली. मी विचारलं, "आता घरी?"

"पाचला नवी माणसं येतात," तो म्हणाला. "दहा जण."

बोट तीच होती, झोपायच्या जागा दहाच होत्या. मी विचारलं नाही.

म्युनिकला आल्यावर रविवारी अण्णांना फोन केला. रात्रीचं वादळ सांगितलं. नांगर, गवत, साठ मीटर साखळी. अण्णांनी मधे दोनदा थांबवून विचारलं, की मागं खडक किती लांब होते. मग मी म्हणालो, "अण्णा, ती ऑफिसची ट्रिप नव्हती. माझे पैसे होते. सत्तर हजार."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "कुठली कंपनी आठ दिवस बोटीवर पाठवती?"

मला काही सुचेना. ते म्हणाले, "आठ जण होता ना? मग गाडी भरून गेली. चांगलं झालं." हे ते चिडून म्हणाले की खरंच, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. पैशांबद्दल ते त्यानंतर एकदाही बोलले नाहीत. आई बोलली, आणि बरंच बोलली.

फोन ठेवायच्या आधी त्यांनी एकच विचारलं.

"त्या माणसाला मग झोप कधी मिळाली?"

मी हिशोब केला. शुक्रवारी दिवसभर त्याने बोट चालवली होती. शनिवारी नऊला आम्ही उतरलो. पाचला नवी माणसं.

"शनिवारी दुपारी मिळाली असेल, अण्णा. सात-आठ तास मधे होते."

"मधे गाडी धुवायची असती," अण्णा म्हणाले.